पोर्तुगालमध्ये भिंतीला पाणी मारू नये

परदेशातून परत आलेल्या माणसाला तासगावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय बघितलंस?" मी खरं तेच सांगते, "चिखल बघितला." मग विचारणारा जरा वेळ माझ्याकडे बघतो, पोरीला तिकडं काहीतरी झालेलं दिसतंय असं मनाशी ठरवतो आणि पुढचे प्रश्न आईला विचारतो. आईला मी कुठल्या देशात गेले होते हेही धड सांगता येत नाही. ती "युरोप साईडला" म्हणते, जसं काही युरोप हे विट्याच्या पुढचं गाव आहे. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. ज्यांना तिकडं जायचं असेल त्यांनी वाचावं, आणि ज्यांच्या घराचं बांधकाम चालू आहे त्यांनी तर नक्की वाचावं.

झालं असं, की सांगलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक योजना आली. पोर्तुगालमध्ये एका टेकडीवर काही मंडळी नवी वसाहत उभी करत होती. सिमेंट अजिबात नाही, घरं मातीची, वीज उन्हाची, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक. निरनिराळ्या विद्यापीठांतली पोरं तिथं जाऊन बांधकामाला हात लावणार होती. नोटीस लागली तेव्हा झुंबड उडाली. "माती तुडवावी लागेल," असं सरांनी सांगितल्यावर निम्मे गळाले. उरलेल्यांना घरच्यांनी विचारलं, मातीच तुडवायची तर आपल्या रानात काय कमी आहे? शेवटी आम्ही तिघं उरलो.

मी पल्लवी, तासगावची, बेदाण्याच्या शेडवर वाढलेली. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. दुसरा संग्राम, रहिमतपूरचा. त्याचे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्या घरात कोंबडाही हुकूम आल्यावर आरवतो. तिसरा बिरू, आटपाडीकडचा. घरची मेंढरं, आता थोडं डाळिंब. बिरू स्वतःहून बोलत नाही, आणि बोलला तर आधीच कुणीतरी बोलायला हवं होतं तेच बोलतो.

बॅगा

लिस्बनच्या विमानतळावर सरकत्या पट्ट्यावरून सगळ्यांच्या चाकांच्या गुळगुळीत बॅगा येत होत्या आणि त्यांच्यामधून एक काळी पत्र्याची पेटी आली. पेटीवर पांढऱ्या रंगानं ठळक लिहिलेलं, "सुभेदार घोरपडे, मु. पो. रहिमतपूर, जि. सातारा." शेजारच्या बाई दोन पावलं मागं सरकल्या. संग्रामनं मात्र छाती फुगवून पेटी उचलली.

बाहेर पडताना अधिकाऱ्यानं ती उघडायला लावली. वर भडंग, त्याखाली कंदी पेढे, त्याखाली अख्खा मसूर, आणि तळाशी बाटलीत दाबून भरलेली कांदा-लसूण चटणी. अधिकाऱ्यानं बाटलीचं झाकण काढून हुंगलं. मग त्याला ज्या शिंका लागल्या त्या थांबेचनात. शेवटी त्यानं स्वतःच झाकण लावलं, पेटी बंद केली आणि हातानंच जा म्हणून सांगितलं.

पुढचा प्रवास बसचा. शहर मागं पडलं तसा हिरवा रंगही मागं पडला. पिवळं पडलेलं गवत, बुटक्या टेकड्या, मधेच ऑलिव्हची झाडं. काही झाडांची साल बुंध्यापासून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत सोलून नेलेली, आतून ती तांबडी दिसत होती. बाटलीची बुचं त्या सालीची करतात म्हणे. बिरू खिडकीतून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "ह्यो आमचा आटपाडीचाच माळ हाय की. तिकिटाचं पैसं उगंच घातलं."

गोल

वसाहत म्हणजे एका पांढऱ्याशुभ्र गावाच्या वरची टेकडी. तिथं तंबू, एक मोठं स्वयंपाकघर, टोमॅटोची बाग, चार शेळ्या आणि अर्धवट उभं राहिलेलं एकच घर. संडासात पाणी नव्हतं, लाकडाचा भुसा टाकायचा होता, त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

या सगळ्याचा म्होरक्या हेन्रिक. डेन्मार्कचा, ताडमाड उंच, अनवाणी, आणि इतका शांत की त्याच्याशी भांडताच येत नाही. तिथं कुणी मालक नाही, कुणी मुकादम नाही. जे काय ठरवायचं ते सगळ्यांनी गोल बसून ठरवायचं. पटलं तर दोन्ही हात वर करून बोटं हलवायची, पटलं नाही तर छातीवर हातांची फुली. एकाचीही फुली पडली तर विषय पुन्हा पहिल्यापासून. ज्याच्या हातात काठी असेल त्यानंच बोलायचं. आम्ही पोचलो त्या आठवड्यात त्यांचं खिडकी पूर्वेला ठेवायची की जरा उत्तरेला यावर चाललं होतं. आमच्याकडे एवढ्यात खिडकी बसून, तिला जाळी लागून, जाळीतून मांजर आतही आलं असतं.

रोज सकाळी त्याच गोलात काठी फिरवून प्रत्येकानं सांगायचं, आज मला कसं वाटतंय. जर्मनीची एक मुलगी पहिल्याच दिवशी बालपणाबद्दल बोलून रडली. मग काठी संग्रामकडे आली. तो उभा राहिला, सावधान झाला आणि इंग्रजीत म्हणाला, "मला भूक लागली आहे." बिरूनं काठी हातात घेऊन नीट न्याहाळली, म्हणाला, "बरं हाय," आणि पुढं दिली. मी त्याचं भाषांतर करून सांगितलं. हेन्रिक त्या दोन शब्दांवर इतका खूश झाला की दुपारपर्यंत भेटेल त्याला ते ऐकवत होता.

ते अर्धवट घर होतं आमेलियाचं. साठी ओलांडलेली, बुटकी, ठणठणीत बाई. तरुणपणी इंग्लंडात हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम केलेलं, त्यामुळे तिचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं आणि आमचं झकास जमलं. टेकडी तिची. नवरा गेला, मुलगा लिस्बनला, ऑलिव्ह तोडायला माणूस मिळेना, तेव्हा तिनं ही जागा या मंडळींना दिली. बोली एवढीच की पहिलं घर माझं. खाली गावात लोक म्हणाले, अनवाण्या परदेशी लोकांनी म्हातारीला गंडवलं. तेव्हापासून गावातलं कुणी टेकडी चढत नव्हतं आणि तिच्याशी बोलतानाही हातचं राखून बोलत होतं.

संग्रामनं तिला पहिल्या दिवसापासून मावशी म्हटलं. बाकीच्यांना वाटलं ही काहीतरी मोठी पदवी आहे. त्यामुळे हेन्रिक, ती रडणारी जर्मन मुलगी, सगळेच तिला "माउशी" म्हणायला लागले.

मावशी स्वयंपाकाला बसली की मी तिच्या शेजारी. शिळा पाव कुस्करायचा, लसूण आणि कोथिंबीर मिठाबरोबर ठेचायची, ऑलिव्हचं तेल, वरून उकळतं पाणी आणि एक अंडं. म्हणजे आपला शिळ्या भाकरीचा कुस्कराच, फक्त ओला आणि परदेशी. कोथिंबिरीचा वास आल्यावर संग्रामचे डोळे पाणावले. त्यानं त्यात चमचाभर चटणी घातली. मावशीनंही घातली, एक घास खाल्ला, थांबली आणि आणखी एक चमचा घातली. माझी आणि तिची दोस्ती तिथं पक्की झाली.

तिनंच मला मुलाची अट सांगितली. पेद्रू नाव त्याचं. आई टेकडीवर मातीच्या घरात एकटी राहणार हे त्याला काही केल्या पटत नव्हतं. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, तिच्यासाठी खोली तयार. दोघांचं भांडून भांडून असं ठरलं होतं, की महिन्याच्या शेवटच्या रविवारी पेद्रू गाडी घेऊन येणार. चार भिंती आणि छप्पर असेल तर तो पुन्हा हा विषय काढणार नाही. नसेल तर सामान गाडीत आणि आई फ्लॅटमध्ये. गावातली भाड्याची खोलीही तिनं त्याच दिवशी सोडायची होती.

"मुलगा वाईट आहे का?" मी विचारलं.

"फार चांगला आहे," मावशी म्हणाली. "पण त्याच्या घरी मी पाहुणी असेन. पाहुण्याला दिवसभर चांगलं वागावं लागतं. मला दिवसभर जमत नाही."

हे मला इतकं पटलं की त्या दिवसापासून मी खिडकीवरच्या चर्चेत कुणालाही काठी दोन मिनिटांच्या वर धरू दिली नाही. छप्पर लाकडी खांबांवर आधीच बसलं होतं. आम्ही माती, वाळू आणि पेंढा तुडवून गारा केला, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा एकावर एक चढवल्या आणि शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी चौथी भिंत पुरी झाली. हातात दोन दिवस राखून. मावशीनं भिंतीवर गाल टेकवला आणि तिच्या गालाला माती लागली.

संग्राम लवकर उठतो

आता पुढचं नीट समजायला आपल्याकडची पद्धत लक्षात घ्यावी लागेल. सुभेदारांनी निवृत्त झाल्यावर रहिमतपुरात बंगला बांधला, तेव्हा संग्रामला एकच काम होतं, सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारणं. आपल्याकडं कुणाचंही बांधकाम चालू असलं तरी जाणारा येणारा एवढं विचारतोच, पाणी मारताय ना? सिमेंटचं काम आणि पाणी हे आमच्या हाडात बसलंय. कॉलेजात तर त्यावर पेपरात प्रश्न असतो आणि आम्ही तिघांनी तो सोडवलेला आहे.

शुक्रवारी संग्राम पहाटे उठला. रिकामं बसायची त्याला सवय नाही. बघतो तर नवी भिंत कोरडी ठणठणीत. त्याला वाईट वाटलं. एवढी शिकलेली माणसं आणि भिंतीला कुणी पाण्याचा थेंब दाखवला नव्हता. त्यानं टोमॅटोच्या बागेतला पाइप ओढत आणला आणि मनापासून पाणी मारायला सुरुवात केली. बिरू शेळ्या सोडायला निघाला होता. तो थांबला, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाला, "खालनं कोरडी ऱ्हायलीया की रं." मग संग्रामनं खालून मारलं.

त्यानंतर तो अभिमानानं माझ्या तंबूपाशी आला. "पल्ले, भिंतीला पाणी मारून आलोय. चांगलं भिजीवलं."

मी अर्धवट झोपेत होते. "बरं केलंस," म्हणाले आणि कूस बदलली.

तीन सिव्हिल इंजिनिअर.

आम्ही नाश्त्याला बसलो होतो, काठी नेमकी हेन्रिकच्या हातात होती आणि तो त्याला आज किती आशादायक वाटतंय हे सांगत होता. तेवढ्यात वरून धप्प आवाज आला. पाण्यानं फुगलेलं पोतं ट्रॅक्टरवरून खाली पडावं तसा. सगळे धावले. भिंत नव्हती. भिंतीच्या जागी चिखलाचा ढीग होता आणि त्यातून पेंढ्याच्या काड्या वर आल्या होत्या. शेळ्या त्या काड्या ओढून खात होत्या.

संग्राम पांढराफटक पडला. "आमी... पाणी मारलं," तो म्हणाला. कुणाला काही कळेना. हेन्रिकनं पुन्हा पुन्हा विचारलं, का? मातीच्या भिंतीवर पाणी का? मी इंग्रजीत समजावून सांगायला लागले आणि सांगता सांगताच हे किती येडपटासारखं आहे ते मला ऐकू यायला लागलं, म्हणून मधेच थांबले. बिरू म्हणाला, "आटपाडीत मातीच्या घरावर पाऊस पडला की आमी पळतो. हितं ध्यानातच न्हाई आलं."

मग मावशी आली. तीन भिंती, वर छप्पर, समोरून सताड उघडं. मला ते पाहून पहिला विचार आला तो असा, की हा तर आपला एस.टी.चा थांबा. मला नको तिथं हसू येतं ही माझी खोड आहे. मी ओठ दाबून धरले होते, पण मावशीनं बघितलंच. "काय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. आमच्याकडे बसची वाट बघायला असं असतं.

मावशी आत गेली, खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवून रस्त्याकडं तोंड करून बसली. "मग बस कधी आहे?" तिनं विचारलं. आणि लगेच म्हणाली, "हो. रविवारी. पेद्रूची." मला रडू आलं.

स्लॅब

गोल बसला. चिखल वाळून त्याच्या नव्या विटा व्हायला दोन आठवडे हवे होते. तयार विटा होत्या, पण त्या हेन्रिकच्या. दुसरं घर त्याचं व्हायचं होतं. वसंतभर एकेक करून त्यानं स्वतः साच्यात पाडलेल्या, झाडाखाली रचून ठेवलेल्या. हा माणूस कधीचा तंबूत राहत होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी तिकडं बघेना. काठी फिरत आली. प्रत्येकजण आपल्याला किती वाईट वाटतंय ते सांगत होता. शेवटी ती हेन्रिकच्या हातात आली. त्यानं झाडाखालच्या विटांकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "माझा तंबू चांगला आहे," आणि दोन्ही हात वर करून त्यानंच आधी बोटं हलवली. इतके दिवस मी त्याची टिंगल करत होते. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

विटा मिळाल्या, पण त्या झाडाखालून चढावर आणायच्या, गारा करायचा, भिंत रचायची, आणि रविवार तर उंबऱ्यावर. आम्ही सगळे मिळून जेमतेम डझनभर. काठी संग्रामकडे आली.

"स्लॅब करू," तो म्हणाला.

सिमेंटला बंदी असताना हा पोरगा स्लॅब म्हणतोय म्हणून दोघातिघांनी फुल्या केल्या. मग मी समजावलं. आमच्याकडे स्लॅब म्हणजे नुसतं छत नव्हे. स्लॅबच्या दिवशी सगळे येतात. भावकीत कोर्टात केस चालू असली तरी समोरची पार्टी स्लॅबला येते, घमेली हातोहात वर जातात, मधेच काम थांबत नाही, आणि काम संपलं की मालक सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. भांडण सोमवारपासून पुन्हा चालू.

"पण कोण येणार?" हेन्रिकनं विचारलं. "गावातले लोक आमच्याशी बोलत नाहीत."

"आवं, बोलत न्हाईत म्हणूनच बोलवायचं," संग्राम म्हणाला. मी भाषांतर केलं.

"नक्की किती माणसं येतील? स्वयंपाकाला आकडा हवा."

"येतील तेवढी."

हे वाक्य मी नीट भाषांतर केलं तरी हेन्रिकला समजलं नाही. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, म्हणजे किती? बिरूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं हाय."

शनिवारी संग्राम आणि बिरू गावात आमंत्रण द्यायला गेले. मावशीकडून एकच वाक्य पाठ करून घेतलेलं: रविवारी भिंत आहे, या, जेवण आहे. पण नुसतं तोंडी बोलावणं संग्रामच्या मनाला पटेना. मानाचं आमंत्रण म्हणजे अक्षता हव्यात. त्यानं स्वयंपाकघरातले तांदूळ घेतले, हळद लावली, आणि घरोघर जाऊन दार वाजवलं, ते वाक्य सैनिकी आवाजात म्हटलं, समोरच्या आजीच्या तळहातावर चिमूटभर पिवळे तांदूळ ठेवले, वाकून नमस्कार केला आणि पुढचं दार. कॉफीच्या दुकानात पत्ते खेळत बसलेल्या म्हाताऱ्यांनाही चिमूट चिमूट दिली. त्यातल्या एकानं तांदूळ तोंडात टाकले. त्यालाही नमस्कार केला.

"काय म्हणाले लोक?" मी विचारलं.

"काय कळलं न्हाई," संग्राम म्हणाला. "पण लय बघत हुते."

रविवार

मी उजाडताच मसूर चुलीवर चढवला. अख्ख्या मसुराची आमटी हा आम्हा सांगलीकरांचा हुकमी एक्का आहे आणि वसाहतीत मांसमच्छी चालत नव्हती, त्यामुळे दोन्हीकडची सोय झाली. सगळ्यात मोठं पातेलं घेतलं, तरी हेन्रिक शेजारी उभा राहून मनातल्या मनात वाट्या मोजत होता.

पहिल्यांदा कुणीच आलं नाही. आम्ही आमच्या आमच्यात विटा वाहायला लागलो. संग्राम खाली रस्त्याकडं बघायचा आणि पुन्हा वीट उचलायचा. त्याची मान अशी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती. मग वळणावर काळ्या कपड्यांतली एक आजी दिसली. तिच्यामागं दुसरी. तिच्यामागं काठ्या टेकत पत्ते खेळणारे म्हातारे, त्यांच्यामागं सुना, जावई, एक पाद्री आणि दोन कुत्री. आणि प्रत्येक बाईच्या हातात झाकलेला वाडगा.

पहिल्या आजीनं वाडगा माझ्या हातात दिला. तांदळाची खीर, वर दालचिनीची नक्षी. दुसरीच्या वाडग्यातही खीर. तिसरीच्याही. मावशी हसून हसून खालीच बसली. गावानं विचार करून असं ठरवलं होतं, की ज्याअर्थी पोरानं दारोदार तांदूळ वाटले त्याअर्थी प्रत्येक घरानं तांदळाचं काहीतरी करून आणायचं आहे. टेबलावर खिरीशिवाय दुसरं काही दिसेना.

मग जे सुरू झालं ते मी रहिमतपूरपासून जतपर्यंत पाहिलेल्या कुठल्याही स्लॅबच्या कामासारखंच होतं. झाडाखालपासून घरापर्यंत माणसांची रांग लागली. विटा हातोहात, गारा बादल्यांतून. गारा कसा असावा यावर पाच म्हाताऱ्यांची पाच मतं होती, आणि कुणीही काठी मागितली नाही, सगळे एकदम बोलत होते. हेन्रिक मधोमध उभा राहून आनंदानं बावचळला होता. मला आपल्या गावात असल्यासारखं वाटलं.

भिंत कमरेएवढी झाली आणि पेद्रूची गाडी आली. पांढरा शर्ट, काळा चष्मा. तो आईला शोधत सरळ रांगेतून पलीकडं जायला निघाला आणि नेमका दोन माणसांच्या मधे आला. डावीकडून संग्रामनं त्याच्या हातात वीट दिली. त्यानं ती घेतली, कारण हातात वीट आली की माणूस घेतोच. उजवीकडच्या आजीनं हात पुढं केला, त्यानं दिली. तोवर दुसरी आली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण प्रत्येक वेळी तोंड उघडलं की वीट. आपल्याकडं घमेल्यांच्या रांगेत अडकलेले पाहुणे मी असेच पाहिलेत. थोड्या वेळानं त्यानं चष्मा खिशात घातला. आणखी थोड्या वेळानं बाह्या वर केल्या.

भिंत छपराला टेकली तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बिरू पाइपापाशी गेला, नळ घट्ट बंद केला आणि पाइपावरच मांडी घालून बसला.

जेवायला पंगत. पेद्रू आईसमोर बसला, भुवया आवळलेल्या, आता हा काढणार विषय म्हणून मी हातातला घास खाली ठेवला. त्यानं समोरची बाटली ओढली. टोमॅटोची चटणी समजून त्यानं चमचाभर कांदा-लसूण चटणी पावाला फासली आणि खाल्ली. मग तो लाल झाला. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहायला लागलं, आईकडं बघून त्यानं तोंड उघडलं पण शब्द फुटेना. सगळा गाव बघायला लागला. शेजारच्या आजीनं स्वतःचे डोळे टिपले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोराला आईचं घर बघून भरून आलं, असं ती सगळ्यांना सांगायला लागली. पाद्रीही काहीतरी चांगलं बोलला. आता यानंतर तो फ्लॅटचं नाव काढणार कसा?

मी पटकन खिरीचा वाडगा त्याच्यापुढं सरकवला. तो संपवल्यावर त्याला आवाज आला. तो उठला, भिंतीपाशी गेला, तळहातानं ती दाबून पाहिली, मग खांद्यानं जरा रेटून पाहिली. संग्रामनं डोळे मिटून घेतले होते. भिंत हलली नाही. पेद्रू आईला काही म्हणाला आणि ती काही म्हणाली, आणि त्यानं तिचं सामान फ्लॅटवर न्यायला आणलेल्या रिकाम्या पेट्या गाडीतून काढून तिच्या नव्या घरात ठेवल्या.

"काय म्हणाला?" मी मावशीला विचारलं.

"म्हणाला, रविवारी जेवायला येईन." तिनं एक पेटी कडेला सरकवली. "मी म्हटलं, ये. तू पाहुणा, मी नाही."

निघायच्या आधी तिनं बिरूला दारावर आमच्या लिपीत काहीतरी मंगल लिहून दे म्हणून सांगितलं. आपल्याकडं घरांवर काय लिहितात ते तिनं मला विचारून घेतलं होतं. मी सांगितलं होतं, आईवडिलांची कृपा वगैरे. बिरूनं चुना आणि कुंचला घेतला, बराच वेळ विचार केला आणि सुरेख अक्षरात लिहिलं, "पाणी मारू नये." मी त्याचा अर्थ तिला सांगितला. बघायला येणाऱ्यांना ती आता हा भारतातला फार जुना आशीर्वाद आहे म्हणून सांगते.

तासगाव, परत

हिवाळ्यात आमच्या बेदाण्याच्या शेडशेजारी माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, नवीन खोली काढली. स्लॅब टाकला. मटण झालं. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, आप्पांनी पाइप माझ्या हातात दिला, म्हणाले, "चांगलं पाणी मार. शिकल्याचा काहीतरी उपयोग होऊ दे."

मी शिडी चढून वर गेले, नळ सोडला आणि मोबाईल विटेला टेकवून मावशीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपार होती, बाहेर धो धो पाऊस, आणि मावशी आपल्या चुना लावलेल्या भिंतीच्या आत ऐसपैस बसलेली. टेबलाभोवती पेद्रू, हेन्रिक, पत्तेवाले म्हातारे, ती पहिली आजी. मी हात हलवला. त्यांनीही हलवला. मग मावशीला माझ्या हातातला पाइप दिसला.

ती खुर्चीवरून उठली. मग सगळेच उठले. पेद्रू ओरडत होता, आजी छातीवर क्रूस काढत होती, हेन्रिकनं दोन्ही हातांची फुली छातीवर घट्ट धरली होती आणि मोबाईलमध्ये तोंड घालून मावशी सांगत होती, बंद कर, बंद कर, बंद कर.

आप्पा शिडीवरून डोकावले. "काय म्हनत्यात ही?"

"आवं आप्पा, पाणी मारू नको म्हणतात. स्लॅब पडंल म्हणून घाबरलेत."

आप्पांनी मोबाईल घेतला. एवढी अनोळखी माणसं आपल्या स्लॅबसाठी जीव टाकताना बघून ते जरा गोंधळले. घसा साफ केला. "त्यांना सांग, सिमेंट हाय, काळजी करू नगा. आन् सांग, पुढच्या साली वरची खोली काढायची हाय. स्लॅबला या म्हणावं. जेवान हाय."

मी इंग्रजीत सांगितलं. मावशीनं त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगितलं. तिकडं जरा वेळ चर्चा झाली. मग हेन्रिक पुढं आला आणि त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, आम्ही किती जण आलो तर चालेल?

मी आप्पांना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

"किती म्हंजे?" ते म्हणाले. "येतील तेवढी."